हापशावरचे लेखक शिवण्णा

हापशावर एखाद्या बाईला जांभई आली, की शिवण्णा हातातला कागद टराटरा फाडायचे. चांगला लिहिलेला, दोन्ही बाजूंनी भरलेला कागद.

मुरुडला आमच्या गल्लीत सकाळी हापशाला घागरींची रांग लागायची. शिवण्णा शेजारच्या दगडावर उभे राहून आपलं नवं लिखाण आम्हा बायकांना वाचून दाखवायचे. जांभई आली की कागद गेला. कुणी "म्हंजी?" असं विचारलं की तेवढी ओळ गेली. आणि ऐकता ऐकता एखादीची घागर भरून वाहायला लागली, तर ते पान पुस्तकात जायचं.

"अहो अण्णा, माझं पोरगं झोपू देईना म्हणून जांभई आली. कागदाला कशाला फाडताव?" शांताबाई एकदा कळवळून म्हणाली.

"नको अक्का. भाषा तुमची, मी किरायदार. मालकीण पेंगायली की किरायदारानं गप बसावं."

त्यांना सगळ्याच बायका अक्का, माझ्या सासूबाई तेवढ्या मावशी. परकरातली पोरगीसुद्धा अक्का.

शिवण्णा बिदरच्या पलीकडचे, कानडी मुलखातले. तिथं तरुणपणी त्यांनी एक गाणं रचलं होतं, गावच्या विहिरीवर कुणाला पाणी मिळतं आणि कुणाला नाही त्याचं. गाणं पोरासोरांच्या तोंडी बसलं आणि शिवण्णांना गाव सोडावं लागलं. फिरत फिरत ते मुरुडच्या मोंढ्यात आले आणि धान्याची पोती उचलू लागले. मराठी वाचायला ते पोत्यांवरच्या अक्षरांवरून शिकले, बोलायला हमालांकडून, आणि भांडायला माझ्या सासूबाईंकडून.

पुढं त्यांनी हमालांची संघटना काढली, पुस्तकं लिहिली. पातळ पुस्तकं, पोत्याखालच्या माणसांची. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी गोणपाट अंथरून ते मोठ्यानं वाचत बसायचे. माणसं उभी राहून ऐकायची आणि कांदे घेऊन जायची.

"एक तरी इकलं का रं पुस्तक?" सासूबाई विचारायच्या.

"ऐकलं म्हंजे घेतलंच की, मावशी."

आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीला लागून. मोर्चा काढल्यावर पोलीस न्यायला आले, की ते आपलं ताट-तांब्या आमच्याकडं ठेवायला द्यायचे. सुटून आले की सासूबाई तेच ताट घासूनपुसून वाढायच्या आणि वर सुनवायच्या, "आलास का कानड्या? तू नव्हतास तवर गल्ली कशी शांत होती."

"करमलं न्हाई म्हणा की सरळ."

"करमायला तू काय माझ्या माहेरचा हायस? जेव गप."

लातूर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून शिवण्णा घसा बसेपर्यंत ओरडले होते. मुरुड मधोमध. एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला उस्मानाबाद, आणि कचेरीचं काम निघालं की पिढ्यान्‌पिढ्या उस्मानाबादची गाडी धरायची. अखेर जिल्हा झाला. शिवण्णांनी गल्लीत गूळ वाटला. पण पाठोपाठ दुष्काळ पडला. हापशाचा दांडा कितीही हलवा, नुसता खोकल्यासारखा आवाज यायचा. दूरच्या मळ्यातल्या विहिरीत उतरून बायका वाटीनं पाणी खरवडायच्या. टँकर मागितला, तर कलेक्टरची मंजुरी आणा म्हणाले.

"मोर्चा!" शिवण्णा म्हणाले.

रिकाम्या घागरी घेऊन आम्ही स्टँडवर जमलो. मी आपली शेवटी, पदर ओढून. गाडी लागली तसे शिवण्णा ओरडले, "चला चला, बसा!" घागरींचा खणखणाट, घोषणा, कंडक्टरचा आरडाओरडा. उतरलो, कचेरीच्या दारात गेलो, आणि शिवण्णांनी हात वर करून "पाणी द्या, नाहीतर..." म्हणेपर्यंत शिपाई बाहेर आला.

"गाव कोणतं?"

"मुरुड!" आम्ही सगळ्या एकदम.

"मग हिकडं कशाला आलाव? तुमचा जिल्हा आता लातूर न्हाई का?"

आम्ही उस्मानाबादेत उभ्या होतो. कचेरीला जायचं म्हणताच पाय आपोआप त्याच गाडीत चढले होते. आमचं सोडा, ज्यांनी जिल्ह्यासाठी तुरुंग बघितला त्या शिवण्णांचेही! "अय्यो," म्हणून ते पायरीवर बसले आणि त्यांनी तोंड उपरण्यात लपवलं.

"तूच मागितला न्हाईस का रं लातूर जिल्हा?" सासूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मिळाल्यावर वळखू बी आला न्हाई?"

सगळा व्हरांडा हसला. शिपाई तर इतका हसला की त्यानं मागच्या हौदावर नेऊन आमच्या घागरी भरून दिल्या. मोर्चाहून भरल्या घागरी घेऊन परतणाऱ्या बायका त्या कंडक्टरनं पहिल्यांदाच पाहिल्या असतील. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो पाय वर घेत होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्टँडवर गाडीची पाटी तीनदा वाचून घेतली आणि मगच आम्हाला चढू दिलं. लातूरच्या कचेरीत शिवण्णांनी भाषण केलंच नाही. कालची फजिती सांगितली. साहेब डोळे पुसत हसले आणि म्हणाले, "पाणी कसं वाटायचं, तेही तुम्हीच सांगा."

"कार्ड बघून, साहेब," शिवण्णा म्हणाले. "रेशनकार्ड असंल त्यालाच, घरटी सारखं. न्हाईतर दांडगी माणसं पिपं भरत्यात."

टँकर आला. रांग लागली. बायका कार्ड दाखवत होत्या, टँकरवाला नळी सोडत होता. सगळ्यांत शेवटी शिवण्णा, एक घागर घेऊन.

"कार्ड?"

अर्ध्या गल्लीची कार्डं त्यांनी तालुक्याला खेटे घालून काढून दिली होती. स्वतःचं काढायचं राहून गेलं होतं.

"कार्ड न्हाई तर पाणी न्हाई. वरचा हुकूम हाय."

"बरोबर हाय," शिवण्णा म्हणाले. "हुकूम मीच मागितलाय. एकट्याला लागतं किती पाणी?" आणि घागर पालथी करून निघाले.

"थांब रं!" सासूबाई पुढं झाल्या. टँकरवाल्यासमोर आमचं कार्ड नाचवत म्हणाल्या, "तो आमच्या घरचा हाय. वत पाणी."

"आज्जी, ह्यात त्येंचं नाव कुठाय?"

"कसं असंल? माझा थोरला हाय. लहानपणी हरवला हुता, आता घावला."

"बोलतो तर कानडी हेलात!"

"हरवला तिकडंच की! आन रोज उठून माझ्याशी भांडायलाय. परका माणूस येवढं भांडत असतो व्हय?"

रांगेत हशा पिकला. टँकरवाल्यानं मान हलवली आणि नळी शिवण्णांच्या घागरीत सोडली. शिवण्णांनी घागर खांद्यावर घेतली आणि ते घरात गेले.

दुपारी मी ज्वारी निवडत होते, तर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. कानडी. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या भाषेत बोलताना मी ऐकलं नव्हतं. कुणाशी बोलतील?

"कोण आलंय गं त्याच्याकडं?" सासूबाईंनी विचारलं.

मी परसातून डोकावले. घरात दुसरं कुणी नव्हतं. शिवण्णा भरल्या घागरीपुढं मांडी घालून बसले होते. भराभरा काहीतरी सांगायचे, मध्येच हसायचे, पलीकडून कुणी बोलतंय असं थांबायचे, पुन्हा सांगायचे.

"कुणी न्हाई," मी आत येऊन म्हणाले. "एकटेच हायत. सारखं अव्वा, अव्वा म्हणायलेत."

सासूबाईंचं माहेर उदगीरकडचं. अव्वा म्हणजे आई, एवढं कानडी त्यांना कळत होतं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"सांगू दे तिला," त्या म्हणाल्या.

मग त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. पुढचा एक शब्दही त्यांना कळत नव्हता. तरी शिवण्णा बोलायचे थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मधूनमधून हळूच "हं" म्हणत होत्या.