दंडाकडे बघून बोलणारे दिनकरराव

दिनकरराव माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, दंडाकडे बघून बोलतात. खांद्यापासून कोपरापर्यंतचा तेवढाच माणूस त्यांना दिसतो. बाकीचा आपण उगाच सोबत आणलेला असतो.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा टी-शर्ट छापायचा गाळा आहे. नाशिकच्या द्वारका चौकातून आत वळलात आणि शाईचा वास आला की समजा, पोचलात. वर, आमच्या शेजारच्या घरात ते आणि त्यांची बायको पुष्पा राहतात.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला माझ्या दंडांचा फार गर्व होता. बिनबाह्यांचं ब्लाऊज घालायचं म्हणजे तेव्हा धाडसच. मी ते घालून दूध आणायलासुद्धा जायचे. एकदा जिन्यात दिनकरराव भेटले आणि माझ्या दंडाकडे टक लावून बघत राहिले. मी मनात म्हटलं, गेला बिचारा कामातून! पदर सावरल्यासारखं केलं, सावरला मात्र नाही. तेवढ्यात ते अतिशय दुःखानं म्हणाले, "वहिनी, बाहीच नाही हो तुमच्या ब्लाऊजला!"

बायका सौंदर्याच्या कौतुकाची वाट बघतात, मला कापडाच्या टंचाईची बातमी मिळाली. आता माझ्या दंडांना कुठलीच बाही पुरत नाही, तो भाग वेगळा.

"छातीवर कोणीही छापतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "छाती म्हणजे मैदान. बाही म्हणजे बोळ. बोळातून गाडी काढून दाखवा!"

टेबलावर सरळ दिसणारी अक्षरं शर्ट अंगात घातला की मागे कलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी त्याला भिंतीशी उभं करायचं. "हात सैल सोडा. अजून सैल. हात आहे का बांबू?" मग बाहीवर खडूनं खूण. लासलगावचे एक कांदा व्यापारी क्रिकेट टीमचे शर्ट करायला आले होते. त्यांचा हात सतत फोन धरून कानाशी. दिनकरराव खडू घेऊन ताटकळत उभे. शेवटी म्हणाले, "शेठ, भाव पडला असेल तर हातही पडू द्या."

एका गणपतीत फार गर्दी होती म्हणून मी मदतीला गेले. बाहीत आधी एक अरुंद फळी सरकवायची असते, म्हणजे शाई खालच्या कापडाला लागत नाही. मला तेव्हा सगळंच येत होतं. फळी म्हणजे भित्र्या लोकांची सोय वाटली. मी तशीच फ्रेमच्या जाळीवरून शाई ओढली. बाहीचे दोन्ही पदर असे चिकटले की मंडळाच्या अध्यक्षांचा हात आत शिरेना. मिरवणुकीत ते शर्ट खांद्यावर टाकून नाचले आणि पोरांना वाटलं, हीच यंदाची फॅशन.

पण गाळ्यात शेवटचा शब्द दिनकररावांचा नव्हता, पुष्पाचा होता. वाळलेला प्रत्येक शर्ट ती उजेडात धरायची. गप्प राहिली तर पास. नाहीतर एकच शब्द: "सरकलंय." मग दिनकरराव भांडायचे, तावातावानं पट्टी आणायचे, आणि पट्टी नेहमी पुष्पाच्याच बाजूची निघायची.

मग पुष्पाला काचबिंदू झाला. अंधार कडेकडेनं आत येत गेला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आता समोर कोणी उभं राहिलं तर तिला सावली तेवढी कळते. एका संध्याकाळी ती गाळ्यातून वर आली ती पुन्हा खाली उतरलीच नाही.

मी म्हटलं, "चल गं, खाली बसू. तुझ्याशिवाय भावजी कोणाशी भांडणार?"

"मी काय करू तिथे? शोभेला बसू? टीव्ही ऐकतेय मी."

जन्मभर टीव्हीला 'मेलं खोकं' म्हणणारी बाई ही.

त्या दिवशी दिनकररावांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "वहिनी, ती खाली यायला पाहिजे हो. वर बसून विझत चाललीय ती."

त्याच सुमारास कॉलेजातल्या मुलींनी त्यांच्याकडून फुगणाऱ्या शाईचे शर्ट करून घेतले. ही शाई छापताना सपाट असते, गरम हवा दिली की पुरीसारखी फुगून वर येते. दिनकरराव त्या उंचवट्यावरून बोट फिरवत किती तरी वेळ बसले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. माझ्याच पदरानं माझे डोळे बांधले आणि हातात एक बाही दिली.

"ओळखा."

मी चाचपलं. "साबुदाणा वडा?"

"नीट बघा!"

"डोळे बांधून नीट कसं बघू? गोवर आलाय का कोणाला?"

"द्राक्षांचा घड आहे वहिनी! नाशिकच्या ना तुम्ही?"

पुढचे काही दिवस माझी बोटं त्यांच्या सेवेला होती. हवा जास्त झाली की द्राक्षं बसायची, कमी झाली की फुगायचीच नाहीत. काखेची शिवण फळीवर आली की घडाला खड्डा पडायचा. अखेर असा घड जमला की मी डोळे झाकून देठसुद्धा सांगितला.

मग त्यांनी स्वतःचा नवा शर्ट काढला. बाही फळीवर चढवली, शिवण फळीच्या कडेखाली सोडली, पट्टीनं मध्य काढला, वरून फ्रेम टेकवली. आणि शाई ओढण्याआधी फ्रेम एका बाजूला किंचित ढकलली.

"भावजी, सरकलं हो!"

"गप्प बसा वहिनी."

मला वाटलं, आता यांचेही डोळे गेले.

शर्ट वाळला तसा अंगात घालून ते वर गेले आणि पुष्पाच्या शेजारी बसले. मी दारात. त्यांनी तिचा हात उचलून आपल्या बाहीवर ठेवला.

"काय हे?" पुष्पा म्हणाली. "द्राक्षं? या वयात?" बोटं उगाच फिरत होती. मग ती थांबली. अंगठा शिवणीवर गेला, करंगळी बाहीच्या काठावर. एकदा या बाजूनं मापलं, एकदा त्या बाजूनं. टीव्हीत कोणीतरी ढसाढसा रडत होतं, तो तिनं चाचपडत बंद केला.

"अहो, सरकलंय हे."

"काहीतरीच. पट्टी लावलीय मी."

"पट्टी घाला चुलीत! डोळे गेलेत माझे, बोटं नाही. असे किती शर्ट दिलेत लोकांना?"

"सगळे असेच..."

"अरे देवा! उठा. माझ्या चपला कुठायत?"

कठडा धरून, एकेक पायरी चाचपत, त्यांना बोलत बोलत ती खाली उतरली. गाळ्यात तिनं शर्टांचा ढीग मांडीवर घेतला आणि एकेक बाही बोटांनी वाचायला लागली. सपाट शाईसुद्धा तिच्या बोटांना लागत होती, पातळ सायीसारखी.

दिनकरराव चहा सांगायला बाहेर आले. मी त्यांना गाठलंच.

"मुद्दाम सरकवलंत ना?"

ते रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सरळ छापलं असतं तर 'छान आहे' म्हणाली असती, वहिनी. आणि परत टीव्ही ऐकत बसली असती."