बेगड लावलेलं इंजिन

"बैल बाजारात नेताना धुतोस का न्हाई? शिंगं रंगवतोस का न्हाई? मंग हे लोखंड तेवढं भिकाऱ्यावानी उभं कावून करायचं बे?"

"हे बैल न्हाई अर्जुनराव, इंजिन हाय. आन् येणारा सायेब काय बैलं इकणारा हेड्या न्हाई. शिकलेला माणूस हाय. मशीनची किंमत लिवून देणार, बँक ती बघणार, आन् कर्ज देणार. तुमचा रंग ठिवा घरी."

"किंमत लावतो तो हेड्याच. मंग त्याच्या गळ्यात टाय असू दे न्हाईतर दावं."

भांडण चाललं होतं वडवणीच्या अलीकडच्या एका गावात, सहकारी तेलघाण्याच्या पत्र्याखाली. अर्जुनराव घाण्याचे व्हाइस चेअरमन. सगळी हयात बैलांच्या दलालीत गेलेली, त्यामुळं कुठलीही नवी वस्तू दिसली की आधी तिचे दात बघावे असं त्यांना वाटायचं. मल्लप्पा चेअरमन. घरचं किराणा दुकान, गळ्यात लिंग आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

पाऊस रुसला तशी करडई उगवायची थांबली, आणि करडई नाही म्हणून इंजिन गप्प झालं. निम्मे सभासद कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. मल्लप्पा मात्र रोज दुकान उघडायच्या आधी घाण्यात यायचा, इंजिन फडक्यानं पुसायचा आणि त्याच्याजवळ नुसता बसायचा. बाहेरगावची करडई विकत आणून घाणा पुन्हा सुरू करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी कर्ज मागितलं तर बँकेचे साहेब म्हणाले, "आधी मशीनरीचं व्हॅल्युएशन करून घेऊ, माणूस पाठवतो." तेवढ्या वाक्यावर मल्लप्पाला आठ दिवस झोप गोड लागत होती.

आजही लागली. भांडून दमला, रिकाम्या पोत्यांवर टेकला आणि दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात त्याचे डोळे मिटले. स्वप्नात करडईचं पिवळंधमक रान चालत चालत गावात आलं. वेशीतून आत, मारुतीला वळसा, शाळेवरून थेट घाण्याच्या दारात. दारात थांबून म्हणालं, येऊ का आत? मल्लप्पा म्हणाला, ये की, तुझंच घर हाय. रान आत आलं आणि इंजिनावर चढलं.

जीपचा हॉर्न वाजला. मल्लप्पानं डोळे उघडले तर इंजिन खरंच पिवळं होतं.

पोळ्याला शिंगांसाठी आणलेला ऑइल पेंट अर्जुनरावांनी सबंध संपवला होता. इंजिन पिवळं, मोठं चाक लाल, चाकाच्या कडेला चमचमती बेगड, आणि डिझेलच्या टाकीला चार रंगांचे गोंडे.

"आता कसं बाशिंग बांधल्यावानी दिसतंय," ब्रश झटकत अर्जुनराव म्हणाले.

मल्लप्पा हातात दगड घेणार तेवढ्यात साहेब आत आले. मोहनराव त्यांचं नाव. दुष्काळात बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं बघत जिल्हाभर फिरून डोळे लाल झालेले, अंगावर चार तालुक्यांची धूळ. त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"किती सालचं आहे?"

"आत्ता चौसा हाय," सवयीनं अर्जुनराव बोलून गेले.

"म्हणजे?"

"म्हणजे चारच दात आलेत. तरणं हाय."

"माझ्या वडलांच्या हातचं हाय सायेब," मल्लप्पा दात आवळून म्हणाला.

कंपनीची पाटी बघावी म्हणून साहेबांनी इंजिनाच्या कुशीवरून तळवा फिरवला. पाटी रंगाखाली बुजली होती. तळवा पिवळा झाला. पडू नये म्हणून दुसरा हात टेकला, तोही झाला. मग घाम पुसला.

"पाटी दिसत नाही तर निदान चालवून दाखवा," पिवळ्या कपाळाचे साहेब म्हणाले.

चालवायचं तर इंजिन थंड ठेवायला पिंपभर पाणी हवं, आणि गावात पाणी टँकरचं. मल्लप्पा घराकडं पळाला. त्याची बायको शिवकांता भरलेल्या पिंपासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लेकराला आंघूळ न्हाई, आन् तुमच्या इंजिनाला घालू?"

"पिऊन टाकत न्हाई गं ते. एका नळीतनं आत घेतं, दुसरीतनं भाईर सोडतं."

"भाईर आलेलं कसं असतं?"

"कढत."

शिवकांतानं कमरेवरचे हात खाली घेतले. "मंग न्या. पर माझं पाणी मला परत पायजे, अन् तापलेलं." तिनं बियाण्याला राखलेली करडईची गोणीही दिली. आता पेरायचं कुठं होतं?

हँडल फिरलं. इंजिन खोकलं, थुंकलं आणि मग पुक पुक पुक करत लागलं की चालायला. लाल चाक फिरलं तशी बेगड पत्र्यावर उन्हाचे कवडसे उडवायला लागली. गोंडे नाचायला लागले. घाण्याच्या तोंडातून तेलाची धार उतरली, आधी थेंब, मग दोरा, आणि त्या तेलाचा वास बाहेर पडून कोरड्या गावावरून असा सावकाश फिरला की ओट्यावरची म्हातारी माणसं बोलायची थांबली. कुणीतरी घरी जाऊन भाकरी घेऊन आलं. मल्लप्पाला कळेना आपण उठलोय की अजून पोत्यांवरच आहोत.

"छान. बंद करा," साहेब म्हणाले.

बंद होईना. बंद करायचा दांडा रंगात माखला होता, आणि इंजिन तापलं तसा तो रंग भाजून दांडा जागीच चिकटला होता. डिझेलच्या कॉकचीही तीच गत.

"त्याला रंग कावून दिला हो अर्जुनराव?"

"शेपूट सोडून बैल रंगवतेत का?" अर्जुनराव म्हणाले.

इंजिन चालू म्हणजे पाणीही चालू. शिवकांता बादल्या घेऊन हजर झाली आणि वाफाळलेलं पाणी घेऊन गेली. तिच्या मागं शेजारीण आली, शेजारणीमागं सगळी आळी. एक घागर गार ओतायची, एक घागर कढत न्यायची. घाण्याच्या दारात अशी रांग लागली जशी घाणा जोरात होता तेव्हाही लागली नव्हती. गावात घराघरातून आंघोळीचे तांबे वाजायला लागले.

साहेबांना कुणी विचारलंच नाही. दोन बादल्या पाणी घाण्यामागं नेऊन ठेवलं, रंगलेला शर्ट शिवकांतानं रॉकेल लावून धुऊन वाळत टाकला, आणि साहेब न्हाऊन, अर्जुनरावांचं धोतर गुंडाळून, ताज्या तेलात कालवलेला ठेचा आणि भाकरी खाऊन लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले.

"मशीन उत्तम आहे," जडावल्या डोळ्यांनी ते म्हणाले. "आकडा चांगला घालतो. लिलावात लगेच जाईल."

"कशात?" मल्लप्पा म्हणाला.

"लिलावात. मागचं कर्ज थकलंय म्हणून बँकेला घाणा विकायचाय ना. तुम्हाला सांगितलं नाही का?" आणि साहेब घोरायला लागले.

मल्लप्पानं गोंडे लावलेल्या इंजिनाकडं बघितलं. सजवून सजवून दोघांनी घरचा बैल खाटकाच्या दारात उभा केला होता.

"आता?" तो म्हणाला.

"त्यात काय," अर्जुनराव हळूच म्हणाले. "इकायचा नसला की बैल लंगडा करायचा. खुरात खडा घालायचा. डिझेल सरत आलंय. थांबलं की म्हणायचं, हे असंच हाय सायेब, मधीच मरतंय. तू फक्त तोंड बंद ठिव."

इंजिन थांबलं. एकदम झालेल्या शांततेनं साहेबांना जाग आली.

"का थांबलं?"

"मेलं सायेब," अर्जुनराव तोंड पाडून म्हणाले. "खरं सांगतो, लंगडं हाय. दम न्हाई. दोन घटका चालतंय, मंग बसतंय. रंग लावून फसवीत होतो आमी."

"असं?" साहेबांनी जांभई दिली. "मग भंगार लिहू का?"

मल्लप्पाच्या कानात तो शब्द उकळत्या तेलासारखा गेला.

"भंगार कुणाला म्हणता?"

"मल्लप्पा, गप," अर्जुनराव म्हणाले.

"कावून गप? माझ्या बापानं सांभाळलेलं इंजिन हाय. डिझेल सरलं म्हणून थांबलं, एवढंच. थांबा, दावतो तुमाला भंगार कसं असतं ते." आणि काही कळायच्या आत त्यानं साहेबांच्याच जीपच्या टाकीत नळी घातली, तोंडानं ओढली, कॅन भरला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. पुक पुक पुक. पिंपाशी बायकांची रांग पुन्हा लागली. अर्जुनराव कपाळ धरून बाजेवर बसले.

साहेब बराच वेळ त्या फिरणाऱ्या लाल चाकाकडं बघत राहिले. मग ओलसर शर्ट अंगात चढवत त्यांनी विचारलं, "अर्जुनराव, तुम्ही बाजारात भाव कसा सांगता? रुमालाखाली बोटं धरून ना?"

अर्जुनरावांनी मुकाट्यानं उपरणं हातावर टाकून हात पुढं केला. साहेबांनी आत हात घातला. बोटं धरली. सोडली. परत धरली, मग सगळी मूठच धरली. अर्जुनरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"सायेब, एवढा?"

"एवढाच लिहिणार. बोली इथून सुरू."

"पर ह्या दुष्काळात ह्या भावाला कोण हात लावंल?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त किंमत लावतो."

अर्जुनराव मल्लप्पाकडं वळले. "मल्लप्पा, सासऱ्यानं बैल इकायला लावला, आन् आपल्याला इकायचा न्हाई, तवा काय करतेत ठावं हाय? बैल बाजारात नेतेत, आन् भाव असा सांगतेत की गिऱ्हाईक जवळ येत न्हाई. दिवस मावळला की बैल गपगुमान घरी."

मल्लप्पाला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तो इंजिनाला टेकला, आणि त्याची सबंध पाठ पिवळी झाली.

"सायेब, च्या तरी घ्या," आतून शिवकांता म्हणाली. "आन् बसा घटकाभर, अजून बादली तापती."

साहेबांनी जीपच्या टाकीकडं बघितलं. नळी अजून आतच होती.

"नको बाई. जीपमध्ये डिझेल आहे तोवर मला निघायला हवं."