धनपाल अण्णांची गुलाबी पट्टी

गडमुडशिंगीत आमच्या शेजारी राहणारे धनपाल अण्णा चहाला आले की आधी पाणी मागतात. प्यायला नव्हे. खिशातून कागदाची पट्टी काढून पेल्यात बुडवतात, चष्मा कपाळावर चढवून रंग बघतात आणि पट्टी गुलाबी झाली की चहा न घेताच उठतात. "खताचं नायट्रेट झिरपलंय की ओ मास्तर!" जणू ते मीच कालवलंय.

जन्मभर खताचं दुकान चालवलेला हा माणूस. युरियाची चार पोती मागणाऱ्याला सहा घ्यायला लावायचा. आता त्याच गिऱ्हाइकांच्या विहिरी तपासत हिंडतो. एका लग्नात तर पंगत बसलेली असताना ह्यांनी पिंपात पट्टी बुडवली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "पावणं, पाणी उकळलंय."

"उकळून काय हुतंय? जंतू मरत्यात. नायट्रेट उलट घट्ट हुतंय!"

निम्म्या पंगतीनं पेले खाली ठेवले. तेव्हापासून अण्णांना आमंत्रणं जरा बेतानंच येतात.

यंदा आमची सून दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेराहून आली. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून बायको विहिरीच्या पाण्यात पावडरचं दूध कालवत होती. तेवढ्यात आलेल्या अण्णांनी बाटली हिसकावून सरळ मोरीत ओतली.

"वैनी, मोठी माणसं सोसत्यात, तान्हं न्हाय! रक्तातनं प्राणवायू पोचत न्हाय, व्हट निळं पडत्यात."

सून रडायला लागली. बायको तर अशी भडकली, की अण्णा चपला हातात घेऊनच घरी गेले.

दुसऱ्या सकाळी दारात पाण्याचा कॅन. फिल्टरचं पाणी, पट्टीनं तपासलेलं. तिसऱ्या सकाळीही. चौथ्या दिवशी बायकोनंच त्यांना आत बोलावलं. मी विचारलं, "अण्णा, एवढं कशापायी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लेक बाळंतपणाला आलती. आपल्या हिरीचं पाणी अमृत हाय, म्हणून पावडरच्या दुधात तेच घालायला लावलं मी. नात निळी पडली. डॉक्टरनं वाचवली. पण लेक परत माहेरी आली न्हाय, मास्तर. पोरगी सात वर्साची झाली. फोटोत बघतोय."

आत बाळ जागं झालं. अण्णा चुळबुळले. सुनेकडे न बघताच म्हणाले, "हात धुऊन आलोय मी. एकदा घिऊ व्हय?"

सुनेनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. चष्मा कपाळावर चढवून ते तासभर त्याचे इवले ओठ बघत राहिले.