सभेतून बाहेर पडण्याची रीत

"बाबा, मी सांगतेय ते ऐकताय ना?"

"ऐकतोय. बोल."

"सभा संपली की बाण स्क्रीनच्या अगदी खाली न्यायचा. मग एक पट्टी वर येईल. त्या पट्टीवर..."

"कळलं, कळलं. माझी कॉलर नीट आहे का बघ जरा."

मुलीने कॉलर नीट केली, लॅपटॉपसमोर बाबांची खुर्ची सरकवली, "आता कशालाही हात लावू नका" असं बजावलं आणि ती कामावर निघून गेली. प्राचार्यांच्या "कळलं, कळलं" या सवयीला चौतीस वर्षं झाली होती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून ते हे दोन शब्द म्हणत, आणि पुढचं काम कोणीतरी करून टाकत असे. कॉलेजातली प्रत्येक ऑनलाइन सभा हेडक्लार्क चालू करून देई आणि तोच बंद करी. प्राचार्य मधला भाग सांभाळत.

आज मात्र हेडक्लार्क नव्हता. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी निरोप पाठवला होता की सभेला सगळ्यांनी आपापल्या घरून बसायचं, म्हणजे खरी ऑनलाइन तयारी कळेल. संस्थेची सात कॉलेजं होती. त्या सातांसाठी मिळून एक ऑनलाइन अध्यापन प्रमुख नेमायचा होता आणि अध्यक्षबाई एकेका कॉलेजची सभा पाहत चालल्या होत्या.

प्राचार्यांना हे पद हवं होतं, आणि मनापासून हवं होतं. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. नेमणूक झाली तर आणखी तीन वर्षं कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारायला येईल, नाहीतर घरी बसायचं, या विचाराने त्यांना हल्ली खरोखर भीती वाटायची. त्यांच्या पत्नीलाही ती नेमणूक हवी होती. नवरा दिवसभर घरी राहिला तर तो स्वयंपाकघरासाठी परिपत्रकं काढील, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

परिपत्रकं हा प्राचार्यांचा प्रांत होता. ऑनलाइन शिष्टाचारावर त्यांनी आजवर चौदा काढली होती. सभेत कॅमेरा बंद ठेवायचा नाही. सभेच्या वेळी मोबाइल बंद ठेवायचा. चौथ्या परिपत्रकानुसार ज्येष्ठ व्यक्ती बाहेर पडल्याशिवाय कनिष्ठाने बाहेर पडायचं नाही. आणि नवव्यानुसार लॅपटॉपचं झाकण खाडकन लावून निघून जाणं हा असभ्यपणा होता. गेल्याच पंधरवड्यात क्रीडाशिक्षकांना त्याबद्दल दोन पानी खुलासा लिहून द्यावा लागला होता.

दहा वाजता सभा सुरू झाली. पडद्यावर तेहतीस चौकोन होते. एकात प्राचार्य, एकात ताठ बसलेल्या अध्यक्षबाई आणि बाकीच्या एकतीसांत अध्यापक मंडळी. प्राचार्य तासभर 'ऑनलाइन शिक्षणातील नेतृत्व' या विषयावर बोलले आणि चांगलं बोलले. शेवटी हात जोडून म्हणाले, "इथे आपण सभा संपवू."

सभा संपली, पण संपेना.

प्राचार्य चौकोनांकडे हसून पाहत राहिले. चौकोन प्राचार्यांकडे हसून पाहत राहिले. चौथं परिपत्रक असल्यामुळे प्राचार्य निघाल्याशिवाय कोणी निघणार नव्हतं, आणि निघायचं कसं हेच प्राचार्यांना माहीत नव्हतं. सकाळच्या वाक्यातलं त्यांना फक्त 'पट्टी' आठवत होतं. पडद्यावर पट्टी कुठेच नव्हती. झाकण लावावं तर अध्यक्षबाईंच्या देखत नववं परिपत्रक मोडणार. आणि विचारावं तरी कोणाला? तासभर नेतृत्वावर बोललेल्या माणसाने दार कुठे आहे हे विचारायचं म्हणजे नेमणुकीवर स्वतःच पाणी सोडण्यासारखं होतं.

उपप्राचार्यांनी घसा साफ केला. त्या पदावर त्यांचाही डोळा होता. "सर, काही राहिलंय का?"

"राहिलंय," प्राचार्य म्हणाले. "चौदाही परिपत्रकं एकदा वाचून घेऊ."

वाचता वाचता त्यांना टेबलाखाली चार्जरची वायर दिसली आणि जिवात जीव आला. लॅपटॉपची बॅटरी संपली की सभा आपोआप बंद पडेल. त्यात ना असभ्यपणा, ना अज्ञान. त्यांनी चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने हळूच प्लग ओढला. सहावं परिपत्रक चालू होतं. आता बॅटरी संपेपर्यंत बोलत राहायचं, एवढंच उरलं.

परिपत्रकं संपली, बॅटरी संपली नाही. मग प्राचार्यांनी प्रत्येकाला मनोगत मांडायला सांगितलं. मंडळींना वाटलं, ही अध्यक्षबाईंची इच्छा असावी. त्यामुळे जो तो जिवावर उदार होऊन बोलला. रसायनशास्त्राच्या बाईंच्या मनोगतात कुकरने सात शिट्ट्या दिल्या, आणि प्रत्येक शिट्टीला त्यांची मान उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाली. क्रीडाशिक्षकांच्या दारावर कोणीतरी तीनदा घंटा वाजवून निघून गेलं. ग्रंथपाल बाई कॅमेऱ्याखाली स्वेटर विणत होत्या. सुरुवातीला नुसती लोकर दिसत होती, साडेबारापर्यंत एक बाही दिसू लागली. इतिहासाचे सर गालावर हात ठेवून गाढ झोपले होते, पण ते नेहमीच तसे दिसत असल्यामुळे कोणाला शंका आली नाही.

पावणेदोनला लॅपटॉपने बॅटरी संपत आल्याची सूचना दिली. प्राचार्यांना ती सूचना परमेश्वराच्या पत्रासारखी वाटली. सहा टक्के. पाच टक्के. ते निरोपाची वाक्यं जुळवू लागले. तेवढ्यात जेवणाचं विचारायला आलेल्या पत्नीला खाली पडलेला प्लग दिसला. ती कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून वाकून आली, प्लग लावला, बटण चालू केलं आणि कसा वेळेवर पाहिला अशा समाधानाने उभी राहिली.

बोलायची सोय नव्हती. समोर गणिताच्या सरांचं मनोगत चालू होतं. प्राचार्यांनी भाषणाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, "का लावलंस?"

पत्नीने खाली लिहिलं, "निघालं होतं."

"हे बंद कसं करतात?"

तिने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "सकाळपासून लोकांना काय शिकवताय?"

"मुलीला फोन कर."

"तिला कामावर फोन चालत नाही. सहाला येईल." आणि थोडं थांबून तिने पुढे लिहिलं, "पोळ्या गार होतायत."

गणिताचे सर थांबले. आता मनोगत मांडायला कोणी उरलं नव्हतं. प्राचार्य दुसरी फेरी सुरू करणार, तोच अध्यक्षबाई पहिल्यांदा बोलल्या.

"प्राचार्य, मला काही सांगायचंय."

प्राचार्यांनी हातातला कागद पालथा घातला.

"मी बाकीच्या सहा कॉलेजांच्या सभा पाहिल्या. पंधराव्या मिनिटाला माणसं गळायला लागतात. कोणाचा कॅमेरा बंद, कोणाची लाइट गेलेली. इथे चार तास होत आले, एक माणूस जागचा हलला नाही. याला म्हणतात नेतृत्व. नेमणूक तुमचीच."

एकतीस जणांनी टाळ्या वाजवल्या. इतिहासाच्या सरांनी डोळे न उघडता वाजवल्या. प्राचार्यांना गहिवरून आलं. पत्नीनेही दाराआडून हात जोडले.

"फक्त जाता जाता एक करा," अध्यक्षबाई पुढे म्हणाल्या. "सभेतून नीट बाहेर कसं पडायचं, ते एकदा सगळ्यांना सावकाश करून दाखवा. बाकी ठिकाणी लोक कसेही जातात."

गहिवर जागच्या जागी थांबला. पण चौतीस वर्षं खुर्चीत काढलेला माणूस असा सहजासहजी सापडत नाही.

"उपप्राचार्य," ते म्हणाले, "दाखवा."

"मी? सर, प्रमुख तुम्ही. आधी तुम्ही दाखवावं."

"प्रमुखाचं काम करून दाखवणं नसतं. करवून घेणं असतं."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली. उपप्राचार्यांचा नाइलाज झाला. "सोपं आहे. इथे असं यायचं, आणि हे असं..." एवढं म्हणून ते नाहीसे झाले.

प्राचार्य पुढे झुकले. "नीट दिसलं नाही. रसायनशास्त्राच्या बाई, तुम्ही दाखवा. घाई नको."

"हो सर. आधी हे..." आणि बाई कुकरकडे गेल्या.

क्रीडाशिक्षकांनी मात्र मनावर घेतलं. बोटं नाचवत, बाजूला पाहत, एकेक पायरी त्यांनी पाच मिनिटं समजावून सांगितली. त्यांचा माइक बंद होता. प्राचार्यांनी कानाला हात लावून खुणा केल्या, तेव्हा त्यांनी अंगठा दाखवला आणि तेही गेले. ग्रंथपाल बाईंनी बाहीच हलवून निरोप घेतला. यानंतर मंडळींच्या लक्षात आलं की दाखवणारा सुटतो. मग जो तो "मी दाखवतो सर", "मी दाखवते सर" म्हणू लागला आणि अंगणातल्या चिमण्या उडाव्यात तसे चौकोन उडून गेले. इतिहासाच्या सरांना शेवटी त्यांच्या घरच्या कोणीतरी बंद केलं.

पडद्यावर दोनच चौकोन उरले.

"निघा मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"छे, तुम्ही निघा."

"तुम्ही ज्येष्ठ. चौथं परिपत्रक."

"त्यातून मी तुम्हाला सूट देते."

दोघं थोडा वेळ हसत बसले. मग प्राचार्यांचं हसू दमलं. आपल्या पदाचं वय दहा मिनिटांचं ठरणार, हे त्यांना दिसत होतं, पण आता त्यांच्यात बळ राहिलं नव्हतं.

"मॅडम, खरं सांगतो. मला येत नाही. कॉलेजात हेडक्लार्क बंद करून देतो."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"मी अकरा वाजल्यापासून वाट बघतेय, तुम्ही कधी बंद करता म्हणून," त्या म्हणाल्या. "सभा घेणाऱ्याने बंद केली की सगळ्यांची होते, असं आमची सून म्हणाली होती. सहाही कॉलेजांत तसंच झालं. मला शिकायची वेळच आली नाही."

"म्हणजे मघाशी तुम्ही करून दाखवायला सांगितलंत ते..."

"मग काय करणार? एकालाही धड दाखवता आलं नाही."

"आणि नेमणूक?"

"ती झाली. दिलेला शब्द मी फिरवत नाही. शिवाय आता माझं तुम्हाला माहीत आणि तुमचं मला. अशा माणसाला लांब ठेवून कसं चालेल?"

प्राचार्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. चौतीस वर्षांत संस्थेने आपल्याला इतकं जवळचं कधी मानलं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

"सोडवायला कोण येतं तुमच्याकडे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मुलगी. सहाला."

"माझी सून साडेपाचला येते. तिला वाटलं, मी झोपलेय, तर मात्र सहा." त्या खुर्चीत पहिल्यांदाच रेलून बसल्या. "नेमणुकीचं पत्र उद्या धाडते. ईमेल नको. शिपाई आणून देईल, तुम्ही सही करा, की तो आपल्या पायांनी निघून जाईल."

"तसंच बरं, मॅडम," प्राचार्य म्हणाले, आणि पत्नीला त्यांनी ताट इथेच आणायची खूण केली.