डेलियाचा कीस

निसर्गाशी लढता येत नाही, त्याच्याशी करार करावा लागतो, असं गिरीश खांबेटे यांचं ठाम मत होतं. शॉमबर्गमध्ये एकतीस हिवाळे काढून त्यांनी ते कमावलं होतं. या एकतीस वर्षांत निसर्गाने करारावर एकदाही सही केली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

रिटायर झाल्यापासून खांबेट्यांना एकच ध्यास होता, तो म्हणजे बॅकयार्डात दुधीचा मांडव घालायचा. मागच्या उन्हाळ्यात दुधीचा वेल कुंपणावर चढला आणि एचओएचं पत्र आलं. एचओए म्हणजे आपली हाऊसिंग सोसायटीच, फक्त पार्किंगऐवजी गवताच्या उंचीवरून भांडणारी. तिची अध्यक्ष कॅरोल हेंड्रिक्स शेजारच्याच घरात राहायची. खांबेटे जन्मभर पूल बांधत आलेले. त्यांनी मांडवाचं रीतसर ड्रॉइंग काढलं, वारा ताशी ऐंशी मैलांनी सुटला तर काय होईल याचं गणित जोडलं आणि अर्ज कॅरोलच्या हातात दिला.

"स्प्रिंगमध्ये आल्यावर बघते," कॅरोल म्हणाली. दर नोव्हेंबरला ती ॲरिझोनाला जायची, ती एप्रिलमध्ये परत. "सध्या मला माझ्या डेलियाच्या फुलझाडांची काळजी आहे. गराजमध्ये ठेवते, तर दर वर्षी निम्मे कंद गोठून मरतात."

"आमच्या बेसमेंटमध्ये ठेवा ना," खांबेटे ताबडतोब म्हणाले. "नो प्रॉब्लेम ॲट ऑल."

हे शेजारधर्मापोटी म्हटलं असं त्यांनी घरी सांगितलं. त्यांच्या पत्नी वसुधाताईंनी फक्त भुवई वर केली.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिला फ्रॉस्ट पडला. डेलियाची पानं एका रात्रीत काळी पडली. कॅरोलने चौदा जातींचे गड्डे खणून, मातीसकट लाकडाच्या भुशात घालून, खोक्यातून आणून दिले. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. तेरा विकत घेतलेले होते. चौदावा तिने स्वतः बी पेरून तयार केला होता, त्याचं नाव 'लिटल रूथ'. रूथ तिची थोरली बहीण.

कॅरोलची पद्धत खांबेट्यांना पटली नाही. मातीत बुरशी असते. त्यांनी सगळे गड्डे धुतले, एकेक कंद सुटा केला, जुन्या टूथब्रशने घासला, पंख्याखाली वाळवला. एक्सेलमध्ये नोंद केली आणि एकेचाळीस कंद एकेका कागदात गुंडाळून कागदावर नंबर टाकले. कागद घरात भरपूर होते. इंडियन ग्रोसरीवाला दर आठवड्याला जाहिरात पाठवतो, ती खांबेटे टाकून देत नाहीत.

आता त्यांना पंचेचाळीस डिग्री फॅरनहाइटची, म्हणजे जवळजवळ फ्रिजइतकी गार जागा हवी होती. थर्मामीटर घेऊन ते दोन दिवस बेसमेंटभर फिरले. तसं तापमान एकाच ठिकाणी निघालं, खिडकीखालच्या फळीवर. तिथे वसुधाताईंचे कांदे-बटाटे असत. खांबेट्यांनी कांदे डावीकडे सरकवले.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. खांबेटे रोज खाली जाऊन थर्मामीटर बघत आणि ॲरिझोनाला मेसेज पाठवत, 'ऑल वेल.' कॅरोल सूर्याचं चित्र पाठवी.

महाशिवरात्रीला खांबेट्यांकडे दर वर्षी उपासाचा फराळ असतो. यंदा बावीस माणसं येणार होती आणि आदल्या दिवसापासून बर्फ पडत होता. खिचडी, भगर, दाण्याची आमटी तयार होती, पण दुकानात जाऊन रताळी आणणं राहिलं होतं. खांबेटे बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होते. वसुधाताई बटाटे आणायला बेसमेंटमध्ये गेल्या आणि चेहरा उजळून वर आल्या.

बर्फ तुडवत सगळे आले. फराळ सुरू झाला. खांबेट्यांनी कीस दुसऱ्यांदा वाढून घेतला. "यंदा रताळी जरा कुरकुरीत आहेत," ते म्हणाले.

"काकू, कीस काय मस्त झालाय!" मराठी मंडळाची सेक्रेटरी रुपाली म्हणाली. "रताळी मिळाली कुठे? आमच्याकडे तर रस्ताच बंद आहे यार."

"बेसमेंटमधून."

खांबेट्यांचा चमचा थांबला. "बेसमेंटमध्ये रताळी कधी आणलीस तू?"

"मी कुठे? तूच आणलीस ना? एकेक ग्रोसरीच्या कागदात गुंडाळून, नंबर टाकून. मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, रिटायर झाल्यावर सुधारला."

"किती घेतलीस?"

"सगळी. बावीस माणसं आहेत, गिरीश."

खांबेटे खाली गेले. कोपऱ्यात कॅरोलचं भुशाचं खोकं होतं; डेलिया त्यातच आहेत असं वसुधाताई धरून चालल्या होत्या. फळीवर एकेचाळीस कागद नीट घडी करून ठेवले होते. वसुधाताईसुद्धा जाहिराती टाकून देत नाहीत.

वसुधाताईंना आत बोलावून, स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी डेन्व्हरला मुलीला फोन लावला. अनया फार्मसिस्ट आहे.

"बाबा, यू एट हर फ्लॉवर्स?"

"फ्लॉवर्स नाही गं, कंद. विषारी नसतात ना?"

पलीकडे बटणं वाजली. "नो, दे आर एडिबल. जस्ट... ए लॉट ऑफ गॅस."

"पण उपास?" वसुधाताईंनी मधेच विचारलं. "उपास मोडला का सगळ्यांचा?"

"आई, आय डोन्ट थिंक देअर्स ए वेबसाइट फॉर दॅट."

कंद म्हणजे कंदच, तेव्हा उपास मोडला नाही, असा निर्णय वसुधाताईंनी स्वतःच दिला आणि त्या पाहुण्यांत परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर तीन जणांनी ओव्याचे गुण सांगणारे मेसेज टाकले. कारण कोणी विचारलं नाही.

खांबेट्यांनी एक्सेल उघडलं. अजून दोन महिने हातात होते. अकरा जाती कॅटलॉगमध्ये मिळाल्या. बारावी आणि तेरावी विस्कॉन्सिनमधल्या एका म्हाताऱ्याकडे निघाली. खांबेटे बर्फातून ड्राइव्ह करून गेले, त्याच्या कुत्र्याचं कौतुक करून कंद घेऊन आले. लिटल रूथ मात्र जगात कुठेच विकत मिळत नव्हती.

"दुसराच एखादा ठेवून देतो. फुलं ऑगस्टमध्ये येतात," खांबेटे म्हणाले. "तोवर मांडव उभा राहिलेला असेल."

"आणि ऑगस्टमध्ये ती रूथला शोधेल तेव्हा?"

"रोगाने गेली म्हणू."

"गिरीश, तिच्या बहिणीला आपण तुपात परतून खाल्लंय. तू सांगतोस की मी सांगू?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅरोल आली. खांबेटे खोकं घेऊन तिच्या ड्राइव्हवेवर उभे राहिले. मांडवाचा विचार त्यांनी घरीच सोडला होता. निदान तसं वसुधाताईंना सांगितलं होतं. त्यांनी क्रमाने सगळं सांगितलं: टूथब्रश, जाहिराती, शिवरात्र, बावीस माणसं.

कॅरोलने खोकं हातात घेऊन आत पाहिलं.

"सगळे खाल्लेत?"

"सगळे. तेरा जाती मी भरून दिल्यात. रूथ नाही. आय ॲम व्हेरी सॉरी."

"कशी होती चवीला?"

खांबेट्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "कुरकुरीत."

कॅरोल इतकी हसली की तिला खोकं खाली ठेवावं लागलं. "रूथला हे फोन करून सांगायलाच हवं. तिच्या अंगणात त्या डेलियाची आख्खी रांग आहे. तिला एक तुकडा पाठव म्हणते."

खांबेट्यांनी श्वास सोडला. मग धीर करून म्हणाले, "तुम्ही रागावला नसाल, तर माझ्या मांडवाच्या अर्जाचं..."

"कुठला मांडव?"

"दुधीचा. बॅकयार्डातला. ऑक्टोबरमध्ये ड्रॉइंग दिलं होतं."

"अच्छा, ते! फार सुंदर ड्रॉइंग होतं, मी फ्रिजवर लावलंय. पण गिरीश, पत्र कुंपणाबद्दल होतं. भाजीचा मांडव थंडीत काढून ठेवता येत असेल, तर त्याला परवानगी लागत नाही. नियमावलीत आहे, पान चार."

खांबेटे घरी आले आणि त्यांनी पान चार काढलं. परवानगी लागत नव्हती.