प्लग काढणारे अण्णा

आमच्या शाळेत कुणी नवं यंत्र विकायला आलं आणि त्याचं सगळं सुरळीत चालू झालं, की अण्णा चौगुले उठतात, भिंतीपाशी जातात आणि प्लग काढतात. मग परत खुर्चीत बसून विचारतात, "चालतंय त्ये दिसलं की पावणं. आता बंद पडलंय. आता काय करायचं, त्ये सांगा."

अण्णा आमच्या कसबा बावड्यातल्या विनाअनुदानित शाळेचे हेडक्लार्क. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. खरेदी समितीत आम्ही दोघं आणि मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. बाई कंपनीचं नाव बघतात, मी सॉफ्टवेअर बघते आणि अण्णा माणूस बघतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी अण्णांना गप्प बसवून एका झकपक कंपनीचे स्मार्ट बोर्ड घेतले होते. दिवाळीच्या सुट्टीत ते जे झोपले ते उठलेच नाहीत. कंपनीनं फोन उचलणंही सोडून दिलं. एका बोर्डाला आता शिपाईमामा छत्री अडकवतात. तेव्हापासून अण्णांच्या प्लगपुढे आमचं काही चालत नाही. यंदा हजेरीचं ॲप घ्यायचं होतं. पुन्हा फसलो असतो, तर पालकांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पहिला पावणा टाय लावून आला. प्लग निघाल्यावर म्हणाला, "सर, आमच्याकडे असं होतच नाही."

"झालंय की आत्ता!" अण्णा म्हणाले आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. अण्णांनी चहा सांगितला की ओळखावं, पावणं रिकाम्या हातानं परत निघाले.

दुसऱ्या कंपनीची परीक्षा फोनवर झाली. पालक असल्याचं सोंग घेऊन अण्णांनी तिच्या मदत केंद्राला फोन लावला. आम्हाला नुसतं त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं, "दाबलं की! आवो, दोन दाबलं, चार दाबलं, आता काय टेबल दाबू? माणूस हाय का न्हाय तिथं कोण?" शेवटी त्यांनी फोन ठेवला. "ह्यांच्याकडं निस्ती बटणं हायत," म्हणाले. समोर बसलेल्या त्या कंपनीच्या माणसाला चहा आला.

तिसऱ्या आल्या जयसिंगपूरच्या सुजाताताई, एसटीनं, लॅपटॉप पिशवीत घालून. लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणून अण्णांनी वायफायचाच प्लग काढला, तशा त्या हसल्या. "लाईट गेली की हजेरी वहीत घ्यायची काका, आली की चढवायची. जमलं नाही तर मला फोन करा. मीच उचलते." मग नमुन्यासाठी त्यांनी एका मुलीचं नाव आणि पालकांचा नंबर मागितला. अण्णांनी काहीतरी सांगितलं. मी तेव्हा भिंतीपाशी वाकून प्लग परत लावत होते. लगेच अण्णांचा मोबाईल टिंग वाजला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "आपला पाल्य शाळेत सुखरूप पोहोचला आहे." मग तेच परत एकदा मनात वाचलं. मोबाईल शर्टाला पुसला.

"हेच घ्या," म्हणाले. ताईंना चहा नाही, उसाचा रस मिळाला.

ॲप झकास चाललं. महिन्याभरानं मोठ्या बाईंनी उशिरा येणाऱ्या मुलांची यादी काढली. सगळ्यात वर नाव, वैशाली चौगुले, सातवी ब. महिनाभर रोज उशीर, एका दिवसाचाही खंड नाही.

"पालकांना आत्ताच्या आत्ता बोलावून घ्या!" बाई कडाडल्या.

बावड्यात चौगुल्यांना काय तोटा? मी ऑफिसात येऊन बसले आणि ॲपमधलं 'पालकांना फोन करा' हे बटण दाबलं. समोरच्या टेबलावर अण्णांचा मोबाईल वाजला.

त्यांनी तो उचलला, माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्येच म्हणाले, "व्हय. पालकच बोलतोय."

मला हसू फुटलं. पण अण्णा हसत नव्हते.

"माझी लेक ओ ती. ह्याच शाळंत हुती, सातवी ब. बापासंगं यायची लाज वाटायची, मैत्रिणींसंगं यायची. मी ह्या खिडकीतनं बघायचो. ती गेटातनं आत आली की मगच कामाला हात लावायचो. आता कॅनडात हाय. तिची आई हुती तवर रोज फोन हुता. आता रविवारी, त्योबी आला तर. नमुन्याला तिचंच नाव सांगितलं हुतं, म्याडम, नंतर काढायचं हुतं. पर टिंग वाजतंय, पोचली म्हणतंय. बरं वाटतंय."

"मग रोज उशीर का लावता तिला?"

"मला ऑफिसातनं उशिरा आलेल्यांचीच हजेरी लावता येती की." मग मान खाली घालून म्हणाले, "काढा त्ये नाव. रेकॉर्ड खोटं असू नये."

इतकी वर्षं समोर बसून मी या माणसाला प्लगापुरतंच ओळखत होते. मी जयसिंगपूरला फोन लावला. सुजाताताईंनी खरंच स्वतः उचलला. त्यांनी 'चाचणी' नावाचा एक वेगळा वर्ग करून दिला, शाळेच्या पटात न धरला जाणारा. त्यात एकच मुलगी. मोठ्या बाईंना सांगितलं, नाव सातवी ब मधून काढलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला मी स्वतः त्या वर्गाची हजेरी लावली. टिंग वाजलं. अण्णांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. मान वर करून खिडकीतून गेटाकडे बघितलं.

"आज येळंत आली," म्हणाले, आणि मस्टर पुढे ओढलं.