विहीणबाईंच्या झाडाचा पाहुणचार

दीप्तीने कुंडी सासूबाईंच्या हातात दिली खरी, पण सोडली नाही. बडोद्यातल्या अकोट्याच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत दोघी कुंडीची एकेक कड धरून उभ्या राहिल्या.

"आई, पाणी घालायचं नाही."

"कधी?"

"कधीच नाही. म्हणजे, पानं सुरकुतली तरच, आणि तेही थोडंसं, मातीत. हे सक्युलंट आहे. आपल्या पानांतच पाणी साठवून ठेवतं."

"अगं, नाही घालणार! तू जा निश्चिंत," मंदाताई म्हणाल्या, आणि मग कुठे दीप्तीचा हात सुटला.

मंदाताईंच्या मुलाचं, सलीलचं, कंपनीचं काम बंगळुरूला निघालं होतं आणि दीप्तीच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून जोडपं महिनाभर चाललं होतं. कुंडी दीप्तीच्या आईने, नाशिकच्या निरुपमाबाईंनी, लग्नात दिलेली. मटाराएवढ्या हिरव्या, गुबगुबीत पानांच्या सरी कुंडीबाहेर लोंबायच्या. लग्नाला वर्ष झालं तरी दीप्तीने स्वतःचं असं काही मंदाताईंच्या हाती दिलं नव्हतं. हे पहिलंच. त्यामुळे मंदाताईंना त्याचं फार अप्रूप वाटलं. सुनेने विश्वास टाकलाय, तर झाड नुसतं जगवायचं नाही, चांगलं धष्टपुष्ट करून दाखवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढचा सगळा घोळ या चांगुलपणातूनच झाला.

दोन-चार दिवस त्या ठाम राहिल्या. पण बडोद्याचा मे महिना! गॅलरीत पाखरांसाठी पाण्याचं मातीचं कुंडं टांगलेलं, आणि त्याच्या शेजारीच हे झाड. चिमण्या येऊन पोटभर पाणी पिऊन जात, झाड मात्र घशाला कोरड पडल्यासारखं लोंबत बसे. दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही मंदाताई पाणी विचारल्याशिवाय सोडत नसत. हे तर विहिणीकडचं! उद्या नाशिकला कळलं, की बडोदेकरांनी आमच्या झाडाला साधं पाणी विचारलं नाही, तर?

त्यांनी इकडेतिकडे बघून फुलपात्रभर पाणी घातलं. नंतर रोज, तुळशीला घालून झालं की उरलेलं.

विश्वंभरराव बाजव्याकडच्या रिफायनरीतून शिफ्ट-इन-चार्ज म्हणून निवृत्त झालेले. झाडाकडे त्यांचंही लक्ष होतं. बायको सुनेला दिलेला शब्द पाळतेय हे पाहून त्यांना तिचा अभिमान वाटला आणि झाडाची दया आली. म्हणून संध्याकाळी पाखरांचं कुंडं धुताना त्यातलं जुनं पाणी ते गुपचूप झाडाला घालू लागले. राहता राहिल्या शेजारच्या जयश्रीबेन. त्या दुपारी नळीने आपली गॅलरी गार करत. कठड्यापलीकडे नळी किंचित वळवायला कितीसे कष्ट पडतात?

निरुपमाबाईंचा अधूनमधून फोन येई. "मंदाताई, आमची लेक कशी आहे?" लेक म्हणजे झाड, हे मंदाताईंना सवयीने कळायला लागलं होतं.

"अहो, मजेत! माहेरपण चाललंय तिचं," मंदाताई सांगत, आणि फोन ठेवला की, खोटं नको पडायला, म्हणून आणखी एक फुलपात्र घालत.

मग पानं गळू लागली. आधी एक-दोन, पुढे हात लागला की ओंजळभर. देठ काळे पडून मऊ झाले.

"तहानेनं झालंय हो," मंदाताई कासावीस होऊन म्हणाल्या.

"तहानेनं कसं होईल? मी रोज संध्याकाळी..." विश्वंभरराव जीभ चावून थांबले.

"तुम्ही पण?"

"पण म्हणजे?"

तेवढ्यात पलीकडून नळीची धार आली आणि उरलासुरला हिशोब जुळला.

"मंदे, तीन पाळ्यांत चाललंय हे!" विश्वंभररावांनी कपाळाला हात लावला. "चोवीस तास! एवढं पाणी आम्ही कूलिंग टॉवरलासुद्धा देत नव्हतो."

मंदाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पहिल्यांदा काही हातात दिलं हो पोरीने. आता परत कधी देईल का ती?"

विश्वंभररावांनी मोबाइलवर शोधाशोध केली. आशा होती! या झाडाची गळलेली पानं सावलीत कोरडी होऊ द्यायची, मग नुसती मातीवर ठेवायची, की प्रत्येक पानाला नवं रोप फुटतं. मात्र पाणी घालायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा मोठ्यांदा वाचलं.

वाळवण म्हटल्यावर मंदाताईंना हुरूप आला. कुरडया, सांडगे, कैरीच्या फोडी, वाळवण्यात त्यांचा हात धरणारं सोसायटीत कोणी नव्हतं. चांगली घट्ट पानं निवडून त्यांनी गच्चीवर टाकीच्या सावलीत जुन्या धोतरावर पसरली, वर मलमल टाकली, आणि झाडासाठी नवस बोलायला म्हणून दोघं देवळात गेली. परत येईपर्यंत धुळीची आंधी येऊन गेली होती. गच्चीवर पानं नव्हती, धोतर नव्हतं, मलमलही नव्हती.

"नवस जरा उशिराच पोचला," विश्वंभरराव म्हणाले. मंदाताई नवऱ्याकडे न बघताच जिना उतरू लागल्या. यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते त्यांनी ओळखलं.

सलील आणि दीप्ती परतली ती ऐन जेवणाच्या वेळी. खिचडी-कढी तयार होती. जेवण झाल्यावर सांगायचं, असं मंदाताई आणि विश्वंभररावांनी ठरवलं होतं; तोवर गॅलरीचं दार "ऊन येतं" म्हणून लावून घेतलं होतं. दीप्तीने पहिला घास घेतला आणि बेल वाजली. जयश्रीबेन, हातात काचेची बरणी.

"आ लो मंदाबेन, तमारा केरडा!"

दरवर्षी उन्हाळ्यात केरड्याची मटाराएवढी हिरवी फळं बाजारात आली की दोन्ही घरांचं लोणचं एकत्र व्हायचं. भिजवणं-वाळवणं मंदाताईंचं, मसाला आणि तेल जयश्रीबेनचं. कोणाला काही सांगावं लागत नसे.

"पण मी यंदा केरडा आणलाच नाही," मंदाताई म्हणाल्या.

"अरे, शुं वात करो छो! गच्चीवर कोणी ठेवला मग? आंधी आवी, तमे तो मंदिरे गया हता, में बधुं नीचे लई लीधुं. सगळं खाली आणून लोणचं घातलं, धोतर पण धुऊन ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला सरप्राइज देऊ!" जयश्रीबेननी स्वतःच दीप्तीच्या ताटात चमचाभर वाढलं. "यंदाचा केरडा एकदम कुणो, कोवळा, हं! देठ पण काय सुंदर काढले होते!"

"जयश्रीबेन, थांबा!" विश्वंभरराव उठेपर्यंत दीप्तीने तोंडात टाकलंही.

"मस्त झालंय!" दीप्ती म्हणाली. "थोडं आंबटसर... कशाचं आहे हे?"

मंदाताईंनी गॅलरीचं दार उघडलं. आकड्याला रिकामी कुंडी लटकत होती. दीप्तीने कुंडीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग बरणीकडे.

"मीच घातलं पाणी," मंदाताई म्हणाल्या. "रोज. तू नको म्हणालीस तरी. तुझ्या माहेरचं, कोरडं कसं ठेवायचं गं? मला बघवलं नाही."

विश्वंभरराव "आणि मी" असं पुटपुटले. जयश्रीबेन मात्र बरणी पोटाशी धरून "हाय हाय, में झाडनुं अथाणुं कर्युं? झाडाचं लोणचं?" म्हणत खुर्चीत बसल्या. तेवढ्यात दीप्तीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. निरुपमाबाई!

मंदाताईंनी पदर तोंडाला लावला. आता नाशिकपर्यंत शोभा होणार.

"पोचलात का गं? प्रवास कसा झाला? आणि झाड कसं आहे?"

दीप्तीने क्षणभर सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मोबाइल जरा वर धरला, मागे फक्त भिंत दिसेल असा.

"छान आहे गं आई. आमच्या आईंनी इतकं निगुतीनं ठेवलंय ना, आता वर्षभर काही होत नाही त्याला."

"खरंच? माझी इथली झाडं तर सगळी मान टाकून बसलीत. पाणी किती घालतात त्या?"

"पाणी?" दीप्तीने बरणीकडे पाहिलं. तिला हसू आवरेना. "पाण्याचा थेंबही नाही. वर बोटभर तेल असतं फक्त."

"तेल?" निरुपमाबाईंनी विचारलं. "बघ, हे मला सुचलंच नव्हतं. थांब हं, शेंगदाण्याचं चालेल ना?"

आणि फोन टेबलावर ठेवून त्या स्वयंपाकघराकडे निघाल्याही. इकडे खिचडी गार होत होती, आणि पाच माणसं एकाच मोबाइलवर तोंडं घालून ओरडत होती, "अहो विहीणबाई, थांबा! अहो, घालू नका!"